राखीव नमुना

कारखान्यात प्रत्येक नमुन्याचे तीन भाग होत. एक तपासणीसाठी, एक माल घेणाऱ्यासाठी, आणि तिसरा लाखेने मोहोरबंद करून कपाटात. या तिसऱ्याला राखीव नमुना म्हणत. त्याच्या चिठ्ठीवर दोन्ही पक्षांची नावे लिहीत, आणि खाली एक रकाना कोरा सोडीत: वाद मिटल्याची तारीख. वाद उभा राहिला तरच तो नमुना फोडायचा. वाद नसेल तर मुदत संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. रासायनिक तंत्रज्ञानाची पदविका घेतल्यानंतर मी सव्वीस वर्षे रंगद्रव्यांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. पुढे कारखाना बंद पडला आणि मी मीरा रोडच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागलो. तिथे नमुने राखायला मला कोणी सांगितले नव्हते. मी राखत होतो.

दुसरी सवय धुण्याची. तंत्रनिकेतनात आम्हाला साका, म्हणजे द्रावणातून खाली बसलेला पदार्थ, गाळून, धुऊन, वाळवून तोलायला शिकवले. किती वेळा धुवायचे हे आमचे मास्तर कधी सांगत नसत. धुवणाचा एक थेंब काचेवर सुकवायचा आणि काच उजेडासमोर धरायची. डाग उरला तर पुन्हा धुवायचे. अस्वच्छ साका तोलणे म्हणजे खोटे तोलणे, एवढेच ते म्हणत. मला ते पटले होते, आणि पुढची चाळीस वर्षे त्यावर शंका घेण्याचा प्रसंग आला नाही.

हेझल मुनीस २००५च्या जुलैमध्ये एम.फिल.साठी आमच्याकडे आली. उत्तनची मुलगी. वडील जेरोम यांची मासेमारीची होडी होती, आणि त्या घरातून पदवीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. मार्गदर्शक होत्या डॉ. मृणालिनी काळसेकर. विषय होता कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांतून निघणारा उजेड.

पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारले, "या कणांत रंग कोणता घालणार?"

"रंग घालायचाच नाही, काका. कण लहान ठेवला की हिरवा उजेड देतो, मोठा होऊ दिला की लाल."

"एकाच पदार्थाचे दोन रंग?"

"दोनच कशाला? मधले सगळे."

माझे अर्धे आयुष्य रंगांत गेले होते. पिवळ्याला एक रसायन लागते, तांबड्याला दुसरे, हे माझे ज्ञान. माझा चेहरा पाहून तिने दुसरी वाट धरली.

"काकी लाडवांना पाक करतात ना? एकतारी असताना उतरवला तर एक, दोनतारी झाला तर दुसरं. साखर तीच."

"पाक चुकला तर लाडवाचा दगड होतो."

"हो, आणि मग मॅडम तोच उचलून मारतात," ती म्हणाली.

नंतर तिने ते करून दाखवले. कॅडमियमचे संयुग ओलेइक आम्लात आणि एका जड तेलात विरघळवून सव्वादोनशे अंशांपर्यंत तापवायचे, आणि सेलेनियमचे द्रावण पिचकारीने एका झटक्यात आत सोडायचे. मग दर काही सेकंदांनी थोडे थोडे काढून बाटल्या भरायच्या. दहाव्या सेकंदाची बाटली फिकट पिवळी, पाचव्या मिनिटाची गडद तांबडी. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा भाईंदर स्टेशनसमोरच्या दुकानातून मीच आणला होता. काळ्या कापडाखाली तो लावला तेव्हा बाटल्यांची ओळ एका टोकाला हिरवी पेटली आणि दुसऱ्या टोकाला लाल, मधे पिवळी आणि नारिंगी. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-तीन भाग म्हणजे हिरवा कण, पाच-सहा भाग म्हणजे लाल. फरक एवढाच. मी माझ्या वहीत सेकंद आणि रंग यांचा तक्ता केला आणि त्या दिवसापासून तिच्या विषयावर शंका घेतली नाही.

कण तयार झाल्यावर ते तेलातून वेगळे काढायचे काम माझ्याकडे होते. मेथॅनॉल घालायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचे ओतून टाकायचे, आणि खाली बसलेला गाळ टोल्युइनमध्ये पुन्हा विरघळवायचा. तिच्या वहीत यासाठी एकच ओळ होती: मेथॅनॉलने एकदा धुणे.

पहिले वर्ष चाचपडण्यात गेले. कधी तापमान चुकायचे, कधी पिचकारी अडकायची. उजेड मंदच मिळे. २००६च्या ऑगस्टमध्ये माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि मी पंधरा दिवस रजेवर होतो. त्या पंधरा दिवसांत हेझलने सगळे काम एकटीने केले, आणि चौथ्या खेपेची बाटली जमली.

मी परतलो त्या सकाळी ती मला हात धरूनच टेबलाशी घेऊन गेली. काळे कापड टाकले, दिवा लावला. निखाऱ्यावर फुंकर घातल्यावर जसा रंग येतो तसा नारिंगी उजेड बाटलीभर उभा राहिला. मुंबईच्या एका संस्थेत मोजमाप करून आणले होते. शंभर भाग प्रकाश शोषला तर त्यातले अडतीस भाग उजेड होऊन परत येत होते. आमच्या आधीच्या बाटल्या पाच-सहाच्या पुढे गेल्या नव्हत्या.

"कशामुळे?" मी विचारले.

"माहीत नाही अजून. या वेळी पिचकारी नीट चालली. तापमान बरोबर राहिलं." ती हसली. "किंवा तुम्ही नव्हता म्हणून."

मीही हसलो. मग बाटली हातात घेऊन तिरकी केली. काचेवर तेलकट ओघळ राहिला.

"हे स्वच्छ नाही झालेलं," मी म्हणालो. "तेल आहे यात."

"काका, डोळा नवीन आहे म्हणून दिसतंय. महिन्याभरापूर्वी दिसलं नसतं तुम्हाला."

"आधीही दिसायचं. मी काढत होतो."

तिचे लक्ष उजेडाकडे होते. मीही एक थेंब काचेवर टाकून, सुकवून, त्याचे तेलकट कडे पाहिले आणि मनाशी ठरवले, की या मुलीचे काम प्रबंधात जाणार आहे, परीक्षकासमोर जाणार आहे. पुढच्या वेळी ते पूर्ण स्वच्छ करून तिच्या हातात द्यायचे. ते तिला सांगण्यासारखे मला वाटले नाही. भांडी घासणारा माणूस किती वेळा विसळले हे सांगत बसत नाही.

आता तिच्यापुढे एकच काम होते. बेंगळुरूच्या एका संस्थेने तिला पीएच.डी.साठी जागा देऊ केली होती, जानेवारीच्या आत एम.फिल. पूर्ण होण्याच्या अटीवर. आणि एम.फिल. मान्य होण्यासाठी मॅडमनी अट घातली होती: चौथ्या बाटलीसारखाच निकाल आणखी तीन वेळा मिळाला पाहिजे. एकदा मिळालेला निकाल हा योगायोगही असू शकतो.

सप्टेंबरमध्ये पाचवी खेप झाली, ऑक्टोबरमध्ये सहावी आणि सातवी. तिन्ही वेळा तापमान, पिचकारी, सेकंद सगळे चौथीसारखे. तिन्ही वेळा धुण्याआधी थोडा भाग काढून मी मोहोरबंद केला, चिठ्ठी लावून कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. उरलेला भाग मेथॅनॉलने धुतला, थेंब काचेवर पाहिला, डाग होता म्हणून पुन्हा धुतला. पाचव्यांदा काच स्वच्छ निघाली. तिन्ही वेळा पाचव्यांदाच निघाली, आणि ही नियमितता पाहून मला समाधान वाटले होते हे लिहिले पाहिजे.

मोजमापे आली: चार, सहा, पाच.

दिवसाच्या उजेडात पाहिले तर बाटल्या चौथीसारख्याच दिसत; तोच तांबूस नारिंगी रंग, म्हणजे कण त्याच आकाराचे. दिव्याखाली मात्र राखेखाली विझत आलेल्या विस्तवासारखे काहीतरी. हेझलने पिचकारी बदलली, तापमापक बदलला. दुपारचा डबा ती उघडीनाशी झाली. एकदा मी तिला चहा आणून दिला तर म्हणाली, "काका, माझ्या हातांत काहीतरी आहे. पहिल्यांदा जे केलं ते मला आता येत नाहीये."

"हाताला काही होत नसतं. यंत्र तपास," मी म्हणालो.

नोव्हेंबरच्या अखेरीस बाहेरचे परीक्षक आले. शांत, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चारही बाटल्या दिव्याखाली ओळीने ठेवल्या आणि बराच वेळ पाहिल्या.

"रंग चौघींचा एकच," ते म्हणाले. "आकार एकच. मग उजेड एकीचाच आठपट कसा?"

हेझल म्हणाली, "सर, कारण अजून सापडलं नाही."

"एक साधं कारण असू शकतं." त्यांनी चौथी बाटली उचलली. "बाजारात नारिंगी उजेडाचे रंग मिळतात. चिमूटभर पुरतो. तुम्ही घातला असं मी म्हणत नाही. पण प्रबंध वाचणारा हेच म्हणेल."

मग मॅडमनी माझ्याकडे वळून विचारले, "मांजरेकर, चौथ्या खेपेनंतर पद्धतीत काही बदल केला होता का तुम्ही?"

हेझलही माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "नाही."

मी खोटे बोललो असे त्या क्षणी मला वाटले नाही. पद्धत म्हणजे तापमान, प्रमाण, वेळ. धुणे ही पद्धत नव्हे, ती स्वच्छता. शिवाय चाळीस वर्षांच्या नोकरीत, चार लोकांसमोर, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि त्यात मला थोडा अपमान वाटला होता. उत्तर लवकर दिले गेले, ते त्यामुळेही असेल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेझलने लेखी माघार घेतली. निकाल पुन्हा मिळत नसल्यामुळे प्रबंध सादर करू इच्छित नाही, असे दोन ओळींचे पत्र. परीक्षकांचा शेरा तिच्या कागदांना जोडला गेला: चौथ्या नमुन्याची शुद्धता संशयास्पद. बेंगळुरूची जागा गेली. जाताना तिने चौथी बाटली मागितली आणि मॅडमनी ती दिली. कोणाला तिचा उपयोग नव्हता.

एप्रिल २००७मध्ये वर्षअखेरची साफसफाई निघाली. कॅडमियमचे सगळे जुने पदार्थ एकत्र करून विल्हेवाटीला पाठवायचे होते. मी खालचा खण उघडला आणि पाच, सहा, सात अशा तीन मोहोरबंद बाटल्या बाहेर काढल्या. वाद झाला तरच फोडायच्या, हा नियम. पण वाद झाला असे कोणी म्हटलेच नव्हते; हेझलने माघार घेतली होती, आणि मी त्या बाटल्यांना धुण्याआधीचा कच्चा माल समजत होतो. त्यात पाहण्यासारखे काही असेल असे मनातही आले नव्हते.

टेबलावर दिवा होता. सवयीने मी काळे कापड ओढले, दिवा लावला.

तिन्ही बाटल्या पेटल्या. चौथी पेटली होती तशाच.

मी दिवा बंद केला, खुर्चीवर बसलो आणि पुन्हा लावला. मग पाचव्या खेपेची बाटली फोडली, तिचे सहा भाग केले. पहिला तसाच ठेवला. दुसरा एकदा धुतला, तिसरा दोनदा, असे करीत सहावा पाच वेळा धुतला. प्रत्येकाचा थेंब काचेवर सुकवला. संध्याकाळी पाच वाजता सहा बाटल्या ओळीने ठेवल्या. सगळ्यांचा रंग एक. पहिल्या दोन झळझळीत होत्या, तिसरी थोडी उतरलेली, चौथी मंद, पाचवीत धुगधुगी, सहावी जवळजवळ विझलेली. शेजारी काचेच्या सहा पट्ट्या होत्या. तेलाचे कडे ज्या क्रमाने पुसट होत गेले होते, उजेडही त्याच क्रमाने गेला होता. सर्वांत स्वच्छ पट्टी सर्वांत काळ्या बाटलीची होती.

आठ दिवस मी कोणाला सांगितले नाही. मे महिन्यात माझ्या कराराचे नूतनीकरण होते, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी दुसरीकडे कोणी घेणार नव्हते. हे कारण मला रोज सकाळी भाईंदरच्या गोडदेव भागातल्या घरातून निघताना पुरेसे वाटे आणि प्रयोगशाळेचे कुलूप काढताना पुरेसे वाटत नसे. नवव्या दिवशी सहा बाटल्या आणि सहा पट्ट्या ट्रेमध्ये घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेलो.

त्यांनी पाहिले. फार वेळ लागला नाही.

"पाच वेळा धुतलंत?"

"डाग जाईपर्यंत."

"तो डागच तर सगळं होता, मांजरेकर."

मग त्यांनी मला कागदावर वर्तुळ काढून दाखवले. कण इतका लहान, की त्याच्यातले बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात. आतल्या अणूला चहूकडून शेजारी असतो. पृष्ठभागावरच्याची एक बाजू उघडी. ओलेइक आम्लाचे रेणू त्या उघड्या बाजू धरून बसतात. ते जागेवर असले तर शोषलेला प्रकाश उजेड होऊन बाहेर येतो. ते धुऊन निघाले तर तोच प्रकाश त्या उघड्या जागांत अडकतो आणि नुसती ऊब होऊन मुरतो. रंग ठरवतो आकार. तो उजेड किती टिकेल हे ठरवतो पृष्ठभाग.

"लोणच्यावरचं तेल," मी म्हणालो.

"हो. आणि तुम्ही ते अशुद्ध म्हणून उपसलंत." त्यांनी पेन खाली ठेवले. "मी त्या दिवशी विचारलं, बदल केला का. विचारायला हवं होतं, किती वेळा धुता. पृष्ठभागाचं मला सुचायला हवं होतं. मलाही ती चौथी बाटली खरी वाटेनाशी झाली होती."

त्यांनी पत्र लिहायचे कबूल केले. पण माघार हेझलने स्वतः लिहून दिली होती. प्रकरण पुन्हा उघडायचे तर अर्ज तिचा हवा. आणि शेरा चौथ्या बाटलीवर होता, म्हणून ती बाटलीही हवी, तिच्यात परका रंग नाही हे तपासून दाखवायला.

"बेंगळुरूचं?" मी विचारले.

"ती जागा जानेवारीतच भरली."

पुढच्या रविवारी दुपारी मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. पिशवीत नोटा तपासण्याचा दिवा, काळे कापड, सहा बाटल्या, मॅडमनी टाइप करून दिलेला अर्ज, आणि सहाव्या व सातव्या खेपेचे मोहोरबंद नमुने. मुर्धा गावाच्या पुढे जुन्या मिठागरांच्या बांधांवर भरावाचे डंपर उभे होते. पिशवी मी सगळा वेळ मांडीवर धरली होती.

घर विचारत गेलो. अंगणात दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, आणि सावलीत जेरोम फाटलेले जाळे विणत बसले होते. मी नाव सांगितले.

"तू तो प्रयोगवाला काका ना?" ते म्हणाले. "हेझल लय सांगं तुजं. ये, बस. चर्चमधून आत्ताच आयली ती. आवाज देतो."

हेझल बाहेर आली. बारीक झाली होती. मीरा रोडला एका कंपनीत काम लागले होते, परदेशी डॉक्टरांचे बोलणे कानाला लावून टाइप करायचे. "ऐकलं ते लिहायचं," ती म्हणाली. "आपल्या मनाचं काही घालायचं नाही. बरं आहे. काका, तुमचा दुसरा डोळा?"

"अजून व्हायचा आहे. हेझल, चौथी बाटली आहे का तुझ्याकडे?"

ती आत वळली. मी मागोमाग गेलो. पश्चिमेच्या खिडकीत मरियेच्या मूर्तीशेजारी बाटली ठेवलेली होती, आणि दुपारचे ऊन तिच्यावर सरळ पडले होते. मी ती ओळखली नाही. तांबूस नारिंगी रंग कुठेच नव्हता. आतले द्रावण फिकट पिवळे दिसत होते.

"मीच ठेवली थय," जेरोम दारातून म्हणाले. "उनात लय भारी दिसं. पोरीचं काम हाय, लपवून कशाला ठेवायचं? पन रंग उडाला तिचा."

"उडाला नाही, पप्पा," हेझल म्हणाली. "कण बारीक झाले. हवा आणि ऊन वरचा थर खातात. रोज थोडा थोडा."

मी खिडकी लावली, कापड टाकले, दिवा जोडला. चौथ्या बाटलीतून पुसट हिरवट उजेड आला, काजवा विझताना असतो तेवढा. तो कोणत्या नारिंगी उजेडाचा उरलेला भाग आहे, हे आता कोणीही सिद्ध करू शकले नसते.

मग मी तिच्याशेजारी माझ्या सहा बाटल्या क्रमाने मांडल्या आणि काय केले ते सांगितले. पट्ट्या दाखवल्या. किती वेळा धुतले ते सांगितले. कापडाखाली वाकून ती एकेका बाटलीकडे पाहत राहिली. शेवटच्या, विझलेल्या बाटलीकडे सर्वांत जास्त वेळ.

"पाच वेळा," ती म्हणाली.

"हो."

"मॅडमनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते, आठवतंय?"

"आठवतंय."

"मला एकदा वाटलं होतं, की धुण्यात काहीतरी असेल. मेथॅनॉलचे कॅन लवकर संपत होते." ती सरळ उभी राहिली. "पण तुम्ही नाही म्हणालात. काका खोटं बोलणार नाहीत, एवढं मला पक्कं माहीत होतं. मग राहिलं कोण? मीच. घरी येऊन महिनाभर आठवत बसले, की बाटली धुताना, भांडं उचलताना, माझ्याकडून काही रंग पडला होता का. शेवटी शेवटी वाटायला लागलं, पडला असेल."

मला म्हणायचे होते की मी तेव्हा जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो. ते खरे होते आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

जेरोमना सगळे कळले नसावे, पण थोडे कळले होते. "म्हंजे पोरीनं काय लबाडी केलती न्हाय," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. तोच शब्द. या वेळी तो बरोबर होता.

"मग ते तवाच सांगायला पायजे होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते पुन्हा जाळ्याकडे गेले.

मी अर्ज पुढे केला. हेझलने तो उभ्यानेच वाचला.

"सही केली तर काय होईल?"

"शेरा निघेल. चौथी बाटली गेली, पण दोन राखीव नमुने अजून मोहोरबंद आहेत. ते परीक्षकांसमोर फोडता येतील. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालता येईल."

"पुन्हा पहिल्यापासून."

"हो. धुण्याचं काम तूच कर. मी मे अखेर सोडतोय."

"तुम्ही सोडून काय होणार आहे, काका?" ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "ठेवून जा. बघते."

मी मोहोरबंद बाटल्यांपैकी एक तिच्यापुढे धरली. राखीव नमुन्यावर हक्क दोन्ही पक्षांचा असतो, आणि माझ्याकडे देण्यासारखे दुसरे काही नव्हते. तिने ती हातात घेतली, मोहोर पाहिली, चिठ्ठीवरचे माझे अक्षर वाचले आणि परत दिली.

"माझ्याकडे ऊन फार येतं," ती म्हणाली.

मे संपेपर्यंत अर्ज आला नाही. मॅडमनी आपल्याकडून पत्र पाठवले होते. अर्जदाराचा अर्ज नसल्यामुळे विचार करता येत नाही, असे विद्यापीठाचे उत्तर आले. नोंदवहीत पाच, सहा आणि सात या खेपांसमोर मी लाल शाईने लिहिले: सांगितलेले धुणे एकदा, केलेले धुणे पाच वेळा. खाली सही केली. मॅडमनीही शेजारी सही केली आणि तारीख घातली.

शेवटच्या दिवशी नवी साहाय्यक मिनल हिला मी कपाटांच्या किल्ल्या दिल्या. खालच्या खणातल्या दोन बाटल्या पाहून तिने विचारले, "या विल्हेवाटीत टाकायच्या राहिल्या का?"

"नाही. त्या राखीव आहेत. काळ्या कागदात गुंडाळूनच ठेवायच्या."

"कोणाचा वाद आहे?" चिठ्ठी वाचत तिने विचारले.

चिठ्ठीवर आत्तापर्यंत फक्त खेपेचा आकडा आणि वाद मिटल्याच्या तारखेचा रकाना होता. मी पेन काढले आणि दोन्ही बाटल्यांवर नावे लिहिली. एका बाजूला हेझल जेरोम मुनीस. दुसऱ्या बाजूला ईश्वर मांजरेकर. खालचा तारखेचा रकाना कोरा ठेवला आणि खण लावून घेतला.